रिकामी बांधणी

१

सुईण नाळ कापते, हात पुसते आणि घरी जाते. पुढचे सहा आठवडे माख्तेल्डचे. बाळंतिणीला सातूची पेज भरवायची, बाळाला लोण्याने चोळायचं, कोमट वाइनने पुसायचं आणि बाळुत्यात बांधायचं. हार्लेम शहरात हे काम करणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. पण बांधणी म्हणाल तर माख्तेल्डची. तिने पट्टा बसवला की तिनेच सोडेपर्यंत तो बोटभरही सरकत नसे. हे ती कुणाला सांगत नसे. सांगावं लागत नसे.

एव्हर्ट चित्रकाराच्या घरी सोमवारी पहाटे मुलगा झाला, योस्ट. दारावर बाळंतपणाची खूण म्हणून लेस लावलेली लाल फळी टांगली गेली. ती फळी दिसली की त्या गल्लीत कुणी हातोडा मारत नाही, मासळीवाली ओरडत नाही, गाडीवाला खाली उतरून घोडा हाताने नेतो. घर इतकं शांत झालं की चुलीत सरपणाऐवजी जळणारं दलदलीच्या मातीचं ढेपूळ फुटलं तरी माडीवर ऐकू जाई.

लाइस्बेटचं हे तिसरं बाळंतपण. आधीची दोन्ही मुलं महिन्याच्या आत गेली होती. या वेळी एव्हर्ट स्वतः माख्तेल्डला आणायला गेला.

"आधीच्या दोघांना कुणी बांधलं होतं?" तिने दारातच विचारलं.

"शेजारच्या बाईने."

"तरीच," माख्तेल्ड म्हणाली आणि डोक्याला रुमाल बांधून निघाली.

बाळ चांगलं होतं. पहिल्याच दिवशी तिने ते तळहातावर तोललं आणि मान हलवली. तिच्या हाताला तराजू लागत नसे. लाइस्बेट भिंतीतल्या पलंगावरून पडदा बाजूला करून तिच्या तोंडाकडेच पाहत होती.

"कसा आहे, आजी?"

"तुझा नवरा जन्मला तेव्हा होता त्याहून वजनदार. आणि तोंडानेही बरा."

लाइस्बेट हसली. तीन वर्षांत त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं, असं मोलकरीण हिल्ले नंतर म्हणाली.

२

माख्तेल्ड चुलीपुढे आपल्या बैठकीत बसून काम करी. वाळुंजाच्या फोकांची विणलेली ती लांबट, बुटकी बैठक होती, पाठीला उंच, होडी अर्धी कापल्यासारखी. पाय पसरून बसायचं, बाळ मांडीवर घ्यायचं, आणि झुललं की फोक करकरतात. त्या करकरीवर बाळं झोपतात. तिच्याकडे अशा दोन बैठका होत्या, एक नवी, एक जुनी. दोन्ही तिने आणल्या होत्या.

एव्हर्टला तिचं चित्र काढायचं होतं. चूल, बैठक, तांब्याची पळी, दोरीवर वाळणारी बाळुती आणि मध्ये माख्तेल्ड. नगराध्यक्षाच्या बायकोला असं चित्र हवं होतं. तिला घरकामाची चित्रं आवडत. घरकाम ती करत नसे.

बुधवारी माख्तेल्ड दोन तास बसली. तोंड झालं, हात झाले. मग ती उठली.

"आजी, अजून कपडे राहिलेत. चार दिवस लागतील."

"चार दिवस? पोराचं ढुंगण काय तुझा कुंचला पुसणार?"

एव्हर्टने तिच्याशी वाद घातला नाही. त्याचंही ढुंगण तिनेच पुसलं होतं. त्याने चित्रकारांच्या संघातून लाकडी बाहुली आणली. माणसाएवढी, सगळे सांधे वळणारी, चेहऱ्याच्या जागी नुसता गोल. पुढच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी, जुन्या बैठकीत तिला बसवली. माख्तेल्डचं जाकीट आणि ॲप्रन तिला चढवलं. मांडीवर बाळ हवं म्हणून एक चादर गुंडाळून ठेवली.

माख्तेल्डने दारातून पाहिलं. "हे बाळ आहे का कोबी?"

"मग तुम्ही बांधून द्या."

"आजी, नको," हिल्ले मागून म्हणाली. ती चाळिशीची, जाड मनगटांची बाई. तिचे हात साबणाने माखले होते. "रिकामं बाळुतं बांधू नये. माझी आई म्हणायची."

"रिकामा पाळणा हलवू नये, असंही म्हणायची असेल."

"म्हणायचीच."

"आणि रिकाम्या डोक्याचं काय म्हणायची?"

हिल्ले परत धुण्याकडे वळली. एव्हर्ट आत घालायला उशी शोधू लागला. माख्तेल्डने त्याला थांबवलं. बांधणी येते त्याला उशी लागत नाही. ती उभ्याउभ्याच कापडावर कापड घेत गेली, कडा आत मुडपल्या, आत पोकळ ठेवलं आणि वरून पट्टा सात वेढे फिरवला. शेवटचं टोक छातीच्या मध्यावर आलं. टोकाला तिची लाल दोऱ्याची खूण होती. तिच्या प्रत्येक पट्ट्याला असे.

आत काहीच नव्हतं. पण खांदे दिसत होते. पावलांची टोकं दिसत होती.

"वा!" एव्हर्ट म्हणाला.

ती बांधणी तिने बाहुलीच्या मांडीवर ठेवली. वजन एका टोपीइतकं होतं. "आता कुणी हात लावायचा नाही," एव्हर्टने बजावलं. "घडी हलली की सावली हलते. सावली हलली की केलेलं फुकट."

३

गुरुवारी सकाळी माख्तेल्डने बाळाला दूध पाजायला उचललं आणि पट्टा सैल लागला.

तिने दोन बोटं आत घालून पाहिली. दोन्ही सहज गेली. चूल रात्रभर पेटती होती. उबेने कापड सैल पडतं. तिने सोडलं, पुसलं, परत बांधलं. जरा आवळून.

दुपारी पट्टा पुन्हा सैल.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. पण चाळीस वर्षं म्हणजे हातही चाळीस वर्षांचे म्हातारे. माख्तेल्डने आपली बोटं चुलीच्या उजेडात धरून पाहिली. थरथरत नव्हती. मग कापडच वाईट असेल. तिने नवं कापड घेतलं.

संध्याकाळी जेवताना एव्हर्ट हिल्लेवर चिडला होता.

"तू त्याला हात लावलास."

"मी? त्या लाकडीबाईच्या जवळून जाताना मी छातीवर क्रॉसची खूण करते, शहराने पंथ बदलला तरी."

"मग घड्या कुठे गेल्या? पोटावर तीन घड्या होत्या. काल रंगवल्या मी. आज एकच आहे. कापड भरल्यासारखं दिसतंय."

"मग तुमचंच चुकलं असेल, मालक."

"माझं दुसरं काहीही चुकेल. घडी नाही चुकणार."

माख्तेल्डने चमचा खाली ठेवला. पुढच्या खोलीत चूल नव्हती. कालव्याची ओल खिडकीतून येई. ओलीने कापड आटतं आणि ताणून बसतं. इथे उबेने सैल, तिथे ओलीने घट्ट. सरळ होतं. तिने ते बोलूनही दाखवलं, आणि दोघांनाही पटलं. तिने परत चमचा उचलला.

४

शुक्रवारी पट्टा बाळाभोवती सातऐवजी आठ वेढे बसला. त्याच पट्ट्याचे. लाल खूण छातीवर यायची ती पोटाखाली गेली.

बाळ दूध चांगलं पीत होतं. बाळुती ओली करत होतं. रडत मात्र कमी होतं, आणि रडलं तरी आवाज दाराबाहेर जात नव्हता. माख्तेल्डने त्याला तळहातावर घेतलं आणि लगेच दुसरा हात खाली लावला. वजन पेलवेना म्हणून नव्हे. हातात काही आहे याची खात्री वाटेना म्हणून.

"भरतोय ना, आजी?" लाइस्बेटने विचारलं. "खरं सांगा. आधीचेही असेच गप्प गप्प होत गेले."

"भरतोय," माख्तेल्ड म्हणाली.

आयुष्यात ती बाळंतिणीशी खोटं बोलली नव्हती. बोलल्यावर तिला कळलं की ते फार सोपं असतं.

तिने त्याच कापडाच्या दोन पट्ट्या सारख्या मापाने कापल्या. एक चुलीशी टांगली, एक पुढच्या खोलीत खिडकीच्या खिळ्याला. खिडकीकडे जाताना बाहुलीकडे पाहिलं नाही. एव्हर्ट तिथेच रंग घोटत बसला होता.

"काय करताय आजी?"

"कापड बघतेय."

"मलाही हे कापड कळेना झालंय. रोज नवं रंगवावं लागतंय." त्याने चित्राकडे बोट केलं. चित्रातल्या माख्तेल्डच्या मांडीवर जाडसर, गुटगुटीत बाळ होतं. "बुधवारचं पुसून टाकलं. जे दिसतं ते काढायचं, मला एवढंच येतं."

तिने चित्रावरून नजर काढून घेतली आणि आत गेली.

दुपारी एव्हर्ट संघाच्या सभेला गेला. लाइस्बेट झोपली होती, बाळ तिच्या कुशीत. माख्तेल्ड मागच्या अंगणात बाळुती पिळत होती. हिल्ले घरातून बाहेर आली आणि तिला बघून दारातच उभी राहिली. हातातली बादली तिने हळूच खाली ठेवली.

"आजी, तुम्ही इथे आहात?"

"दिसत नाही का?"

"मग तिकडे कोण बसलंय?"

माख्तेल्डने पिळणं थांबवलं. गल्ली शांत होती. घर शांत होतं. त्या शांततेत पुढच्या खोलीतून फोक करकरल्याचा आवाज येत होता. हळू, एका लयीत. थांबून पुन्हा. बाळ झोपावं म्हणून बाई झुलते तसा. घाई नव्हती त्याला.

"फोक आहेत," माख्तेल्ड म्हणाली. "ऊन पडलं की करकरतात."

"त्या खोलीत ऊन येत नाही."

"तू तुझी बादली उचल."

हिल्लेने उचलली. माख्तेल्डने हातातलं बाळुतं पिळलं. आधीच कोरडं झालेलं ते बाळुतं ती बराच वेळ पिळत राहिली.

५

शनिवारी सकाळी तिने दोन्ही पट्ट्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. टोकाला टोक लावलं. सारख्या होत्या. चुलीशी टांगलेली सैल नव्हती, खिडकीशी टांगलेली आटली नव्हती.

बाळाला नऊ वेढे लागले.

माणसाला आपली चूक कळायला वेळ लागत नाही, कबूल करायला लागतो. हिल्लेला तिने एव्हर्टसमोर गप्प केलं होतं. ते आठवून तिला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

मग ती उठली. एव्हर्ट दारात पाव घेत होता. ती पुढच्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

खिडकीतून राखाडी उजेड येत होता. फरशी कालच धुतलेली. टेबलावर चित्रासाठी मांडलेले जिन्नस होते: पितळी भांडं, अर्धं सोललेलं लिंबू, पळी. बाहुली जशीच्या तशी होती. माख्तेल्डचं जाकीट तिला नीट बसलं होतं. खांद्याशी थोडं जास्तच नीट, असं माख्तेल्डला वाटलं. पण जाकीट जुनं होतं आणि जुनं जाकीट कुणालाही बसतं.

तिने वाकून बांधणीखाली दोन्ही हात घातले आणि उचललं.

हातांनी लगेच सांगितलं. पाच पौंडांच्या चीजच्या चाकाहून जड, सातच्या चाकाहून हलकं. सोमवारचं वजन. बाळ पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हाचं, तेच, ना अधिक ना उणं.

पट्टा करकचून ताणला होता. खालून कापड ओलं होतं, आणि ते ओलं गार नव्हतं.

६

"आजी! खाली ठेवा ते!"

एव्हर्ट पाव घेऊन दारात उभा होता.

"सोडते आहे मी हे," माख्तेल्ड म्हणाली.

"दोनच दिवस! दोन दिवसांत होतंय माझं. मग सोडा, जाळा, काय हवं ते करा."

"दोन दिवस तुझ्या पोराकडे नाहीत."

"म्हणजे?"

तिला ते उभ्याने बोलवेना, पण बसायला ती एकच बैठक होती. उभ्यानेच बोलली. वेढ्यांचं सांगितलं. सैल पट्ट्याचं सांगितलं. लाइस्बेटशी खोटं बोलली होती तेही सांगितलं. "हिल्ले नको म्हणाली होती. मी ऐकलं नाही. मिरवायचं होतं मला. हे मी बांधलंय, एव्हर्ट."

"काय बोलताय? आत काही नाही त्याच्या. तुम्हीच रिकामं बांधलंत, माझ्यासमोर."

"काही नाही ना? मग सोडलं तर तुझं काय जातं?"

"घड्या जातात!"

त्याने पाव टेबलावर टाकला आणि तिच्या हातून बांधणी काढून घेतली. आणि थांबला. चार दिवस तो त्या बांधणीकडे टक लावून पाहत होता, पण उचलली नव्हती एकदाही. वजन हातात आल्यावर त्याचा कोपर आपोआप वळला आणि डोक्याच्या बाजूला आधार द्यायला गेला, बापाचा जातो तसा.



"जिवंत आहे का?" त्याने हळू विचारलं.

"मला माहीत नाही."

"सोडलं तर ते... त्याचं काय होईल?"

"तेही माहीत नाही. आपल्या पोराचं जे गेलंय ते यात आहे, एवढं मला कळतं. परत जाईल का सांडेल, ते सोडल्यावर कळेल."

मागच्या खोलीतून लाइस्बेटने हाक मारली. "आजी! हा पीत नाहीये. तोंडच उघडत नाहीये. आजी!"

एव्हर्टने बांधणी माख्तेल्डच्या हातात दिली. देताना त्याने ती जपून दिली.

७

उभ्याने सोडता येत नाही. माख्तेल्डने बाहुलीला बगलेत धरून उचललं आणि भिंतीशी टेकवलं. मग तीच बैठक ओढून ती तिच्यात बसली. फोक करकरले. फोक गरम होते.

"तू पाठ कर," ती म्हणाली.

एव्हर्ट खिडकीकडे वळला. जन्मभर ज्याने बघण्याचंच काम केलं तो समोरच्या घराच्या विटा मोजत उभा राहिला.

तिनेही डोळे मिटले. बांधायला आणि सोडायला तिला डोळे लागत नसत. बांधलं त्याच्या उलट्या क्रमाने सोडायचं, झटका द्यायचा नाही, एवढंच.

पहिला वेढा सुटला. मागच्या खोलीत बाळ कण्हलं.

दुसरा. तिसरा. कण्हण्याचं रडणं झालं. बारीक, पण दाराबाहेर येणारं.

"पितोय!" लाइस्बेट ओरडली. "आजी, पितोय!"

चौथा. पाचवा. मांडीवरचं वजन उतरत होतं, पण सारखं उतरत नव्हतं. थोडं उतरे आणि थांबे, पाय रोवल्यासारखं. सहावा. सातवा वेढा सोडताना पट्ट्याची लाल खूण तिच्या बोटाखालून गेली. मग वरचं कापड. मग आतलं. ओल्या उबेचा वास आला, दुधाचा. दोनशे पोरांचा जो वास तिला ठाऊक होता तोच.

शेवटचं कापड उलगडायला तिने अंगठा आत घातला.

आणि अंगठा धरला गेला.

घट्ट. पाच बोटांनी. नवीन जन्मलेलं कुठलंही पोर धरतं तसा. काही वाईट नव्हतं त्या पकडीत. भूक होती आणि भरवसा होता.

माख्तेल्डने आजवर अशी पकड जोर लावून कधी सोडवली नव्हती. पोर आपणहून सोडेपर्यंत ती थांबायची. कितीही काम पडलं तरी. पलीकडे योस्ट पिता पिता मध्येच थांबला होता, आणि लाइस्बेट त्याचं नाव घेऊन त्याला हलवत होती.

माख्तेल्डने अंगठा ओढला. लगेच सुटला नाही. तिला दुसऱ्यांदा ओढावा लागला.

कापड मांडीवर सपाट पडलं. एव्हर्ट वळला तेव्हा तिच्या मांडीवर चार बाळुती आणि एक पट्टा होता. एका बाळुत्यावर ओला डाग होता. मागच्या खोलीत योस्टने असा टाहो फोडला की फळी टांगलेली असूनही समोरच्या घराची खिडकी उघडली आणि कुणीतरी हसलं.

माख्तेल्डने ती बाळुती चुलीत घातली. ओलं कापड जळायला वेळ लागला. जळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

मग ती लाइस्बेटच्या पलंगापाशी गेली. पट्टा योस्टच्या अंगावर इतका ताणला होता की छातीपाशी उसवायला आला होता. लाइस्बेट रडत होती आणि हसत होती.

"बघा तरी आजी, काय झालंय याला! घटकेत दगड झाला नुसता. धरा, तुम्हीच धरा, माझे हात भरून आले." तिने बाळ पुढे केलं. योस्टचा एक हात कापडातून सुटला होता आणि बोटं हवेत उघडझाप करत होती, काहीतरी धरायला मिळावं म्हणून.

माख्तेल्डने आपले हात ॲप्रनखाली घेतले. अंगठा अजून उबदार होता.

"हिल्लेला बोलाव," ती म्हणाली. "तिला शिकवते मी बांधायला. सांगेन तसं ती करेल."

"आणि तुम्ही?"

"मी सांगेन."